गोचिडाची गोळी दोन महिने राहून गेली, आता काय करू?

अळूवडी | शुक्रवार, रात्री ११:५०

लोकहो, झोप उडालीय म्हणून इथे लिहितेय. आमचा पिठल्या, देशी, रंगावरून नाव कळलंच असेल, वय तीन, वजन मागच्या वेळी १९ किलो. त्याला महिन्याला गोचीड-पिसवांची चघळायची गोळी असते, नेक्सगार्ड. मे पर्यंत अगदी वेळेवर. मग सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, हॉस्पिटलच्या वाऱ्या, घरात डबे, लेकीचा क्लास, आणि जूनची गोळी नवऱ्याला वाटलं मी दिली, मला वाटलं त्याने दिली. जुलैची कुणाला काहीच वाटलं नाही. फोनवर रिमाइंडर होता, तो मीच स्वाइप करून उडवलेला दिसतोय.

आज रात्री सोफ्यावर त्याचा कान खाजवत बसले होते तर हाताला मुगाएवढं काहीतरी लागलं. म्हटलं चामखीळ आली वाटतं. टॉर्च मारला तर चामखिळीला पाय!! मग सगळं अंग तपासलं तर उजव्या कानात चार, पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये दोन आणि पट्ट्याखाली एक टम्म फुगलेला. असे सात. अजून किती असतील देव जाणे.

आता दोन महिन्यांच्या दोन गोळ्या एकदम द्यायच्या का, की आधी रक्त तपासायचं आणि मग गोळी, आणि हे जे अंगावर आहेत ते मी काढू की गोळीने आपोआप मरतील? घरात पाच माणसं, त्यात सासरे पायाला टाके घेऊन पडलेत, त्यांना चढले तर? प्लीज ओरडू नका, मी स्वतःला आधीच पुरेसं ओरडलेय.

नागपुरी_संत्रं | शुक्रवार, रात्री ११:५८

अरे बापरे. कापसावर थोडं रॉकेल घेऊन लाव ना त्याच्यावर, पटकन सोडते. आमच्या घरी लहानपणी हेच करत होते सगळे. रॉकेल नसन तर आगपेटीची काडी विझवून गरम गरम टेकवायची.

वाड्यावरचा_बोका | शनिवार, रात्री १२:०४

संत्रं, कृपया नको. रॉकेलने कुत्र्याची कातडी भाजते, चाटलं तर पोटात जातं, आणि गोचीड चिडून उलट तोंडातली घाण आत सोडतो. काडी तर नकोच नको, कानात आहेत ते, कानात!

अळूवडी, चिमटा आहे का घरात? भुवयांचा असतो तसला, टोकदार हवा. कातडीला अगदी लागून तोंडाशी पकडायचा, पोटाला नाही, आणि सरळ सावकाश ओढायचा. झटका नाही, पिळणं नाही. बोटांनी चिरडायचा मोह होतो तो आवरा. एका बाटलीत साबणाचं पाणी किंवा हॉस्पिटलचं स्पिरिट घ्या आणि त्यात टाका. बेसिनमध्ये सोडू नका, ते आरामात वर चढून येतात. स्वानुभव आहे, दात घासता घासता भेट झालेली.

अळूवडी | शनिवार, रात्री १२:४१

नवऱ्याने धरलं, मी काढले. सातचे अकरा झाले. डोळ्याच्या पापणीवर एक तिळाएवढा होता तो काढायची हिंमत नाही झाली. बाटली ओट्यावर ठेवलीय आणि मी दर पाच मिनिटांनी झाकण घट्ट आहे ना बघतेय.

पशुवैद्य_निवृत्त | शनिवार, सकाळी ६:२०

नमस्कार. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पहाटे उठायची सवय आहे म्हणून लवकर उत्तर देतोय. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम, पण जे सर्वसाधारण आहे ते सांगतो.

ताई, दोन गोळ्या एकदम अजिबात देऊ नका. चुकलेली गोळी ही बँकेच्या हप्त्यासारखी नसते, थकबाकी भरायची नसते. आठवली त्या दिवशी एकच द्यायची आणि पुढचे ३० दिवस त्या दिवसापासून नव्याने मोजायचे. आज शनिवार, आज दिली तर आजचाच दिवस पहिला. जुनी तारीख विसरून जा.

द्यायच्या आधी वजन करा. मागच्या वेळचं १९ म्हणताय, ठीक आहे, तुमच्या गोळीचा १० ते २५ किलोचा गट आहे त्यात तो बसेल, पण पिल्लू असतं तर मधल्या दोन महिन्यांत गट बदलून गेला असता. लोक जुनं पाकीट कपाटात सापडलं म्हणून तेच देतात आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणतात. एक्सपायरी पण बघा. गोळी पूर्ण खाल्ली ना हे डोळ्यांनी बघा, अर्धी कोचाखाली सापडते. दोन तासांच्या आत उलटून पडली तर पुन्हा पूर्ण गोळी द्यावी लागते, तसं झालं तर डॉक्टरांना एक फोन करा. आणि पिठल्याला आधी कधी फिट आली असेल तर न विचारता देऊ नका. ह्या जातीच्या औषधांवर अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये झटक्यांबद्दल इशारा दिला होता. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण फिट येणाऱ्या कुत्र्याचा विचार वेगळा.

पापणीवरचा राहू द्या. गोळी पोटात गेली की तो रक्त पिऊन एकदोन दिवसांत मरेल आणि गळेल.

आता महत्त्वाचं. गोळी आजपासून पुढचं सांभाळेल, मागचं नाही. मधल्या दिवसांत जो गोचीड चावायचा तो चावून गेलाय. गोचीडतापाचा जो सगळ्यात नेहमीचा जंतू आहे, एर्लिकिया, तो चावल्यापासून काही तासांत अंगात जाऊ शकतो आणि ताप साधारण आठ ते वीस दिवसांनी दिसतो. तेव्हा पुढचे तीन आठवडे त्याच्याकडे लक्ष ठेवा. आज रक्त तपासून सगळं ठीक आलं तरी निर्धास्त होता येत नाही, फार लवकर केलेल्या टेस्टमध्ये दिसत नाही बऱ्याचदा. रोज ओठ उचलून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात. जेवण सोडलं, गळून पडला, नाकातून रक्त, लघवी चहासारखी लाल-तपकिरी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. माणसाची क्रोसिन वगैरे देऊ नका.

गोठेवाला | शनिवार, सकाळी ८:१५

डॉक्टर साहेब, नमस्कार, एकदम बरोबर. आमच्याकडं कराडच्या बाजूला लोकं काय करत्यात, गाईच्या गोठ्यात फवारायचं औषध तेच कुत्र्याला चोपडत्यात अंदाजानं. नाहीतर कंपाउंडर गाईचं आयव्हरमेक्टिन टोचतो कुत्र्याला. आमच्या पाहुण्यांचं कॉली जातीचं कुत्रं होतं, दोन दिवस नुसतं थरथरत होतं, कसंबसं वाचलं. आमच्या गोठ्यात मी कोंबड्या सोडतो, त्या वेचून खात्यात गोचीड. फ्लॅटमध्ये कोंबडी जमंल का बघा ताई 😄

चष्मिष | शनिवार, सकाळी ९:३०

अवांतर: फुगलेला गोचीड आणि एरंडाची बी शेजारी ठेवून बघा कधी, हुबेहूब. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड. नाव ठेवणाऱ्यालाही तेच दिसलं असणार. अवांतर समाप्त, दिवे घ्या.

तुळस_आणि_मी | शनिवार, सकाळी १०:१०

मला खरंच कळत नाही, इतकं केमिकल पोटात घालायची गरज काय? रक्तातून किडे मारणारं औषध म्हणजे रक्तातच विष ना. आम्ही कडुनिंबाचं तेल, कापूर आणि थोडं टी ट्री मिसळून लावतो, आमच्या लॅबला सहा वर्षांत काही नाही.

वाड्यावरचा_बोका | शनिवार, सकाळी १०:२२

>> कापूर आणि थोडं टी ट्री <<

तुळसताई, वाद घालत नाही, पण टी ट्री तेल आणि कापूर दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. अंगाला लावलं की तो चाटणार, म्हणजे पोटातच. कडुनिंबाने थोडेफार दूर राहत असतील, पण अकरा चिकटलेत त्यांना कडुनिंब काय करणार? तुमच्या लॅबला काही झालं नाही ही आनंदाची गोष्ट आहे. माझ्या आजोबांनी पण साठ वर्षं बिड्या ओढल्या.

तुळस_आणि_मी | शनिवार, सकाळी १०:३०

बिड्यांचं उदाहरण अनाठायी आहे. पण कापराचं माहीत नव्हतं, बघते.

भटक्यांची_ताई | शनिवार, दुपारी १२:०५

मी आमच्या गल्लीतली नऊ कुत्री सांभाळते, हडपसर. मी पण चुकले होते गेल्या वर्षी, आणि कशी ते सांगते, बऱ्याच जणांचं हेच होत असेल. मी त्यांना बारा आठवड्यांची गोळी देते, ब्राव्हेक्टो, महिन्याला नऊ जणांना पकडणं शक्य नाही. डोक्यात बसलेलं की "तीन महिन्यांची गोळी". म्हणजे १ मार्चला दिली की १ जूनला. मोजून बघा, बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस आणि १ मार्च ते १ जून ९२ दिवस! आठ दिवस कुत्री उघडी, आणि दर वेळी असेच सहा ते आठ दिवस. वर्षाचे एकोणतीस दिवस झाले की. तेव्हापासून तारखेने नाही, आठवडे मोजून देते. आणि ती रिकाम्या पोटी नाही द्यायची, जेवणासोबत, नाहीतर नीट शोषली जात नाही.

खारे_दाणे | शनिवार, दुपारी १२:४०

आमच्या घरी आईने यावर जालीम उपाय काढलाय. महिन्याची गोळी संकष्टीला. संकष्टी ते संकष्टी २९-३० दिवस होतात, आई जगबुडी आली तरी संकष्टी विसरत नाही, आणि कालनिर्णयवर चंद्रोदयाची वेळसुद्धा छापलेली असते. आधी शेरूची गोळी, मग चंद्र, मग आईचं ताट. चार वर्षांत एक चुकली नाही.

अळूवडी | शनिवार, दुपारी १:१५

खारे_दाणे!!! अहो आज संकष्टीच आहे! सासूबाई सकाळपासून साबुदाण्याकडे बघत बसल्यात. वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मला आधी सांगायला काय झालं होतं, मी दिली असती."

वजन केलं, नवऱ्याने उचलून काट्यावर उभं राहून, २०.४ भरलं, लाड चालू आहेत म्हणजे. फिट कधी आलेली नाही. आत्ता एक वाजता गोळी दिली, पूर्ण खाल्ली, मी तोंड उघडून बघितलं. डॉक्टर काका, तुमचे पाय धरते. आता दोन तास त्याच्याकडे टक लावून बसणार.

वाड्यावरचा_बोका | शनिवार, दुपारी ३:३०

आता घराकडे वळा. तुम्ही लिहिलंय पाच माणसं, एक कुत्रा, पण सगळ्यात मोठं कुटुंब तुमचं नाही राहिलेलं. हा जो कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड असतो ना तो घरातच संसार मांडणारा आहे, जंगल-गवत लागत नाही त्याला. अंड्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, उतरतं, कात टाकतं, परत चढतं, परत उतरतं, मोठं होऊन तिसऱ्यांदा चढतं. शेवटी मादी फुगून उतरते आणि भिंतीच्या फटीत अंडी घालते, चार हजारांपर्यंत. उबदार घरात हे सगळं चक्र दोनेक महिन्यांत पुरं होतं. तुमच्या दोन गोळ्या राहिल्या, म्हणजे त्यांची अख्खी एक पिढी बिनबोभाट मोठी झाली.

आणि शोधायचे ते खाली नाही, वर. हे चढतात. माझ्याकडे सापडले ते दाराच्या चौकटीच्या वरच्या सांध्यात, पडद्याच्या घडीत आणि स्विचबोर्डच्या मागे. बोर्ड उघडला तर आत मोहरी सांडल्यासारखी अंडी, तपकिरी, चकचकीत, एकमेकांना चिकटलेली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

अळूवडी | शनिवार, दुपारी ३:४४

बोकोबा, तुम्ही सांत्वन करताय की घाबरवताय?

वाड्यावरचा_बोका | शनिवार, दुपारी ३:५८

दोन्ही 🙂 करायचं काय ते सांगतो. त्याचं अंथरूण, चादरी गरम पाण्यात धुवा. व्हॅक्यूम असेल तर फटी, स्कर्टिंग, सोफ्याची शिवण, आणि ती पिशवी लगेच बांधून बाहेर. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला "गोचीड" असं स्पष्ट सांगा, झुरळांचं करून जातो नाहीतर. एकदा करून भागत नाही, दोनतीन आठवड्यांनी परत. आणि शेजारी मांजर असेल, तुमच्याकडे येत असेल तर औषधात परमेथ्रिन आहे का विचारा, कुत्र्याला चालतं पण मांजराचा जीव जातो त्याने.

आजोबांना हे गोचीड सहसा चावत नाहीत, त्यांना कुत्रंच प्यारं. तरी त्यांच्या खाटेचे पाय भिंतीपासून जरा लांब ठेवा.

भटक्यांची_ताई | शनिवार, संध्याकाळी ५:२०

आणि एक, अळूवडी, पुढचे काही दिवस अजून गोचीड दिसतील तेव्हा "गोळी डुप्लिकेट आहे" म्हणून दुसरी देऊ नकोस. ही गोळी पळवून लावत नाही, चावल्यावर मारते. घरातले नवीन येऊन चढणार, चावणार, मरणार. एका अर्थी पिठल्या आता तुमचा व्हॅक्यूम क्लीनरच आहे. पिसवांचं तर अजून वाईट, त्यांचे कोष फटीत पडून राहतात आणि आठवड्यांनी फुटतात. पिसवा आहेत का ओळखायचं तर बारीक कंगव्याने विंचर, काळी पूड पडली तर ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाक. लालसर डाग पसरला तर ती माती नाही, पचलेलं रक्त.

जर्सीची_मावशी | शनिवार, रात्री ९:०५

इथे न्यू जर्सीत हरणावरचे गोचीड, लाइम नावाचा आजार पसरवणारे. लाइम हे गावाचंच नाव, कनेटिकटमध्ये, आमच्यापासून फार लांब नाही. आम्हाला वाटायचं बर्फ पडला की सुट्टी, म्हणून पहिल्या वर्षी नोव्हेंबरात गोळी बंद केली. जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं, फिरून आलो आणि लुनाच्या मानेवर गोचीड! पारा शून्याच्या चारपाच अंश वर गेला की निघतात ते. आता बारा महिने.

एक सांगते, इथल्या लोकांसाठी किंवा कुणी कुत्र्यासकट इकडे येणार असेल तर. गोचिडाची गोळी आणि हार्टवर्मची (डासातून येणाऱ्या हृदयातल्या जंतांची) गोळी चुकणं वेगवेगळं. हार्टवर्मची गोळी मागे बघून काम करते, गेल्या महिन्यात डासाने सोडलेल्या अळ्या मारते. मध्ये खंड पडला तर त्या मोठ्या होऊन औषधाला दाद देत नाहीत. त्यामुळे तिथे "आज दिली, झालं" एवढ्यावर भागत नाही. व्हेटला सांगून टेस्ट, आणि साधारण सहा महिन्यांनी परत टेस्ट, कारण त्याआधी दिसतच नाही. दोन्ही एकत्र असलेली गोळी असेल तर हे लक्षात ठेवा गं.

तिलारीकाठचा | रविवार, सकाळी ७:४०

आमच्याकडे दोडामार्गात गोचीड म्हटलं की कुत्रं नंतर, आधी माणूस घाबरतो. माकडताप, गोचीड चावून माणसाला येतो तो. २०१६ ला आमच्या भागात पसरला, त्याआधीच्या वर्षी पलीकडे गोव्यात सत्तरीत. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच, बागेत तर जायलाच हवं. आरोग्य खात्याची माणसं गोचीड दूर ठेवणारं तेल देतात, हातापायाला चोळून जायचं, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे वेगळे. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, कळवायचं.

तो गोचीड वेगळा, जंगलातला, अळूवडीताईंनी घाबरायचं कारण नाही. पण आमचा काळू बागेतून आला की खळ्यातच थांबतो, घरात नाही. मी पट्टा काढतो, कानाच्या पाकळ्या उलटतो, बोटांच्या मधे बघतो, शेपटीखाली बघतो. पाच मिनिटं. त्याला आता सवय झालीय, आपणहून पंजा वर करतो. गोळी चुको न चुको, हे चुकत नाही.

अळूवडी | सोमवार (पुढच्या आठवड्यातला), रात्री १०:३०

परत आले आणि चांगली बातमी नाहीये. गोळी दिल्याला नऊ दिवस झाले. मधल्या दिवसांत मेलेले गोचीड गळाले, एक उशीवर (माझ्या), पेस्ट कंट्रोल झालं, पिठल्या मजेत होता, मी निवांत झाले होते. आज सकाळी भाकरीला तोंड लावलं नाही. ठीक आहे, नखरे. संध्याकाळी बेल वाजली तर उठला नाही. पिठल्या. बेलला. उठला नाही! डॉक्टर काकांचं आठवून ओठ उचलला तर हिरड्या गुलाबी नाहीत, फिकट, जरा पांढुरक्याच. पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मला आधी घामोळं वाटलं, पण बोटाने दाबलं तरी जात नव्हते. ताप १०३.८.

दवाखाना बंद व्हायच्या आत पोचलो. रक्त घेतलं, कानाच्या टोकाला टोचून काचेवर एक थेंब पण. रिपोर्ट उद्या. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. मला रडूच आलं, वेळेवर कुठलं, दोन महिने उशिरा.

पशुवैद्य_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६:०५

ताई, तुमचे डॉक्टर बरोबर बोलले. लोक चौथ्या-पाचव्या दिवशी आणतात, नाकातून रक्त सुरू झाल्यावर, "दोन दिवस जेवत नव्हता, म्हटलं पोट बिघडलं असेल". तुम्ही सकाळचं जेवण सुटलं आणि रात्री टेबलावर ठेवलात. प्लेटलेट्स किती आल्या ते कळवा.

अळूवडी | मंगळवार, दुपारी २:१०

६२ हजार. डॉक्टर म्हणाले दोन ते पाच लाख असायला हव्यात. एर्लिकियाची किट पॉझिटिव्ह, बबेसिया (गोचिडातून येणारा दुसरा जंतू) काचेवरच्या थेंबात दिसला नाही पण लघवीवर लक्ष ठेवा म्हणाले. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस. लिव्हरचं काहीतरी सिरप. उड्या मारू द्यायच्या नाहीत, खरचटलं तर रक्त थांबायला वेळ लागेल. सोफ्यावर चढायला बंदी, त्यामुळे आम्ही सगळे जमिनीवर बसतोय, सासरे सोडून.

गोठेवाला | मंगळवार, दुपारी ३:००

ताई, डॉक्सी दह्यात कालवून देऊ नका बरं का, दुधा-दह्यानं औषध नीट लागू होत नाही. आणि रिकाम्या पोटी पण नको, जळजळतं, उलटी काढतंय. दोन घास भात, मग गोळी, मग परत दोन घास, वर पाणी पाजा. घशात अडकून राहिली तर भाजतं आतनं.

नागपुरी_संत्रं | मंगळवार, दुपारी ३:२५

होते बरा, काळजी नको करू. आमच्या शेजारच्यांच्या ब्रुनोच्या ४० हजारावर गेल्या होत्या, आता पुन्हा डाकियाच्या मागे पळते. आणि रॉकेलचा सल्ला मी वापस घेतला आहे, नोंद घ्यावी 🙏

चिमणराव_नव्हे | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून कुणीतरी सांगायला हवं. कुत्रा पाळायचा तर जबाबदारी घ्यायची. दोन महिने लक्षात राहत नसेल तर पाळू नये. मुका जीव आहे तो.

भटक्यांची_ताई | मंगळवार, संध्याकाळी ७:१२

चिमणराव, तिने पहिल्याच पोस्टमध्ये सगळं स्वतःहून लिहिलंय, लपवलेलं नाही. असे टोले बसतात म्हणूनच लोक दवाखान्यात "हो हो, गोळी वेळेवर दिलीय" असं खोटं सांगतात, आणि डॉक्टर गोचीडताप सोडून बाकी सगळं शोधत बसतात. माझ्या ओळखीत एका कुत्रीचे चार दिवस त्यात गेले. तिला नंतर रक्त चढवावं लागलं.

चिमणराव_नव्हे | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

हा मुद्दा लक्षात आला नव्हता. मान्य.

अळूवडी | रविवार, सकाळी ११:००

भाकरी खाल्ली. दीड. मग चिकनचं पाणी. मग माझी चप्पल, अर्धी. प्लेटलेट्स काल १ लाख ४०. चप्पल नवीन होती, पण चालेल.

तिलारीकाठचा | रविवार, सकाळी ११:२०

चप्पल खाल्ली म्हणजे बरा झाला. देव पावला.

तुळस_आणि_मी | रविवार, दुपारी १:००

पिठल्याला खूप प्रेम. अळूवडी, तुझी गोष्ट वाचून आमच्या लॅबची रक्ततपासणी करून घेतली, सहा वर्षांत पहिल्यांदाच. नॉर्मल आहे. डॉक्टरांनी कापराचं तेल फेकायला लावलं आणि गोळी लिहून दिलीय. कडुनिंब मात्र सोडणार नाही, बोकोबांनी काहीही म्हणू दे.

वाड्यावरचा_बोका | रविवार, दुपारी १:०४

बोकोबा गप्प.

अळूवडी | सोमवार (पुढच्या संकष्टीचा), रात्री १०:५०

विचारत होता म्हणून लिहिते. प्लेटलेट्स २ लाख ३०. डॉक्सीचे अजून आठ दिवस बाकी, मध्येच सोडायची नाही असा दम मिळालाय. पेस्ट कंट्रोल दुसऱ्यांदा झालं, स्विचबोर्डमागे काही नव्हतं पण देवघराच्या मागे होतं, त्यावरून घरात जे काही झालं ते लिहीत नाही. सासरे काठी घेऊन जिन्यापर्यंत जाऊन येतात आणि पिठल्या त्यांच्या वेगाने चालतो.

आज संकष्टी. मी ऑफिसमधून उशिरा आले, नऊ वाजून गेले होते, चंद्र ढगात, सासूबाई ताट झाकून गॅलरीत उभ्या. मी घाईघाईने कपाटातलं पाकीट काढायला गेले तर जागेवर नाही. ओट्यावर रिकामी पट्टी होती, आणि कालनिर्णयवर आजच्या चौकोनात चंद्रोदयाच्या वेळेखाली पेन्सिलने लिहिलेलं, "पिठल्या १, पूर्ण खाल्ली, तोंड उघडून पाहिले."